दऱ्या, दर्या आणि जुना संगणक

थोडं लांबलंय. पण पेण-रोह्यात ज्यांच्या घरात, शाळेत, कारखान्यात एखादा जुना संगणक पडून आहे, त्या सगळ्यांशी याचा संबंध आहे. म्हणून चहा घेऊन बसा आणि सावकाश वाचा.

मी राहतो रोह्याला, दुकान पेणला. टायपिंग, झेरॉक्स, लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल. नागोठणे, कासू, पेण ही स्टेशनं आता डोळे मिटूनही ओळखू येतात. १४ ऑक्टोबर २०२५ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १०च्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या बंद झाल्या. एक वर्षाची जादा सवलत जाहीर झाली, पण ती तात्पुरतीच. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मशिनात ते नसतं. तेव्हापासून दुकानात एकच प्रश्न येतो, "भाऊ, चांगला चालतोय हो, मग भंगारात द्यायचा का?"

माझं उत्तर, नका देऊ. लिनक्स टाकू आणि तुमच्या हाताला बसेल असा करून घेऊ.

यावर बहुतेकांच्या चेहऱ्यावर शंका येते. लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, इंजिनियर लोकांचं काम, असं आपल्याकडे पक्कं बसलंय. त्यात लोकांची चूक नाही. संगणक शिकलो तो विंडोजवर, परीक्षा दिली ती विंडोजवर. म्हणून आज या गोष्टीचा थोडा इतिहास सांगतो. सुरुवात मात्र माझ्याच एका चुकीपासून करतो.

रोह्यात आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. वय चौऱ्याऐंशी. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या परिसराच्या आठवणी लिहून काढल्या. कुंडलिकेचे पूर, जुनी बाजारपेठ, डोंगरातल्या वाड्या, धावीर महाराजांची पालखी, रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे सुरू झाली ते दिवस. टाइप करणारा मीच. फाइल सीडीवर ठेवली. पुस्तक काही निघालं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचा नातू सीडी घेऊन आला. "आजोबांना हे छापून हवंय."

फाइल उघडली. पडद्यावर सगळी इंग्रजी चिन्हांची भेळ. एक अक्षर मराठी नाही.

कारण साधं आहे. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे एक सोंग असायचं. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी अक्षरं साठवतोय, आणि फॉन्ट त्या अक्षरांच्या जागी मराठीच्या तुकड्यांची चित्रं दाखवायचा. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की कचरा. आणि तो फॉन्ट चालायला मागे एक डोंगल लावावं लागायचं. माझं डोंगल कधीच बिघडलं होतं, आणि ती जुनी आवृत्ती नव्या मशिनवर चालणार नव्हती. म्हणजे शब्द गुरुजींचे, बोटं माझी, आणि किल्ली भलत्याच्याच खिशात.

माझ्या लिनक्सच्या मशिनवर 'सेड' नावाचं एक छोटं हत्यार असतं. अमुक चिन्ह दिसलं की तमुक अक्षर घाल, एवढंच त्याचं काम. मी जुनी छापील पानं समोर ठेवली आणि चिन्हांचा तक्ता बनवत गेलो. हे चिन्ह म्हणजे 'क'चा अर्धा भाग, हे म्हणजे काना. पहिल्या वेलांटीने छळलं, कारण जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवतात. रफाराचंही तसंच उलटंपालटं. तीन आठवडे रात्री बसून दोनशेवर पानं मराठीत आणली. मोठ्या खुशीत प्रिंट काढून गुरुजींकडे गेलो.

चार दिवसांनी निरोप आला. गेलो तर पानांवर लाल पेन्सिलीच्या खुणाच खुणा.

"अरे, मी लिहिलं होतं, आमच्या लहानपणी या दऱ्यांमधून वाट होती. तू छापलंस, दर्यांमधून वाट होती. आम्ही काय समुद्रातून चालत शाळेत जायचो?"

पुढच्या पानावर लग्नाच्या पंगतीत आचाऱ्यांच्या ऐवजी आचार्यांना शिधा मिळाला होता. वाऱ्याचं वार्या झालं होतं. माझ्या तक्त्यात मी रफार आणि तो आडवा अर्धा 'र', दोन्हींना एकाच माळेत ओवलं होतं.

मी म्हटलं, "गुरुजी, बारीक चूक आहे, करतो दुरुस्त."

ते म्हणाले, "बारीक नाही रे. हिंदीला तो र लागत नाही, आपल्याला लागतो. तो गेला तर आपली दरीच गेली."

चूक दुरुस्त व्हायला तक्त्यातली एक ओळ बदलावी लागली. 'र'च्या जागी 'ऱ'. दोन मिनिटांचं काम. पण ही ओळ मला बदलता आली, कारण ते हत्यार माझ्या हातात होतं. आणि तो 'ऱ' टाइप करायला कळ होती, कारण कुणीतरी ती आधीच ठेवून दिली होती. ती कुणी ठेवली, हाच आजचा विषय.

संगणकावर भारतीय लिप्या आणायचं काम आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि पुढे ते पुण्यात आलं. १९८८मध्ये पुण्यात सीडॅक स्थापन झालं. तिथलं 'जिस्ट' कार्ड संगणकात खोचलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. त्याच्या थोडं आधी, १९८६मध्ये, सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट कळफलक ठरवला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. इंग्रजी 'जे'च्या कळीवर 'र', आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की 'ऱ'. गुरुजींची दरी त्या कळीत होती.

आता १९९१ हे साल लक्षात ठेवा. आपण हे साल नव्या आर्थिक धोरणासाठी ओळखतो. त्याच वर्षी भारतीय लिप्यांच्या सांकेतिकीकरणाचं 'इस्की' हे मानक जाहीर झालं. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातला देवनागरीचा क्रम इस्कीच्या आधीच्या आराखड्यावर बेतलेला होता, म्हणून आपला 'ऱ' तिथेही गेला. आणि त्याच वर्षी फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली. थोड्याच महिन्यांत त्याने तिला रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू चळवळीचा परवाना लावला. वापरा, आतून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, पण पुढच्यालाही हीच मोकळीक द्या.

पेणच्या माणसाला हे समजावायला मला सोपा दाखला आहे. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून हजारो गणपती कच्चे, पांढरेच बाहेरगावी जातात. रंग कुठला, डोळ्यांची आखणी कशी, पितांबर पिवळं की केशरी, हे त्या त्या गावचा कारागीर ठरवतो. लिनक्सचा गाभा असाच कच्च्या मूर्तीसारखा. उबुंटू, मिंट, फेडोरा, सीडॅकने २००७मध्ये आणलेलं 'बॉस' ही वेगवेगळ्या कारखान्यांची रंगकामं. आणि घरी आणल्यावर मखर कसं करायचं ते तुमच्यावर.

पण नुसती मोकळीक असून मराठी येत नाही. १९९०च्या दशकात संगणक मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी यायच्या. पुढे उबुंटूवाले पत्ता कळवला की पोस्टाने घरपोच सीडी पाठवायचे, तीही फुकट. २०११पर्यंत ते चाललं. माझ्याकडे अशा तीन सीडी अजून आहेत. सुरुवातीच्या त्या लिनक्सवर देवनागरी धड दिसायचीच नाही. वेलांटी चुकीच्या बाजूला, जोडाक्षरं फुटलेली, पायमोडकी. (विंडोज एक्सपीतही भारतीय भाषा आपोआप येत नव्हत्या. वेगळी खूण करून, सीडी घालून चालू कराव्या लागायच्या. जुन्या लोकांना आठवेल.)

हे बदललं ते माणसांनी हात घातला म्हणून. २०००च्या आसपास मुंबईत 'इंडलिनक्स' नावाचा गट उभा राहिला. भारतीय भाषांत आख्खा डेस्कटॉप हवा, एवढाच त्यांचा ध्यास. २००२मध्ये ग्नोम डेस्कटॉपच्या दुसऱ्या पिढीबरोबर 'पँगो' आलं. अक्षरांची मांडणी भाषेच्या नियमांनुसार करणारा हा भाग. आज तेच काम 'हार्फबझ' करतं. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडं. तुमच्या अँड्रॉइड फोनवर हा लेख नीट दिसतोय, त्यामागेही तेच आहे. २००४मध्ये रेड हॅटने 'लोहित' फॉन्ट खुले केले. पुण्यातल्या त्यांच्या कचेरीतून आणि घरी बसून काम करणाऱ्या हौशी लोकांकडून मेनूतल्या हजारो शब्दांचं मराठी झालं. सारखे लागणारे शब्द सगळीकडे एकसारखे असावेत म्हणून २००८मध्ये 'फ्युएल' हा प्रकल्प पुण्यातच सुरू झाला. 'पेस्ट'ला 'चिकटवा' म्हणायचं की आणखी काही, यावर माणसं तासन्‌तास बोलली आहेत. आपण हसतो या शब्दांना. पण कुणीतरी पदरमोड करून ते केलंय, हे विसरू नये.

'ल' आणि 'श' या अक्षरांचंही असंच. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळा. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयात मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली. कागदावर ठरलं, पण पडद्यावर? लोहित आणि नोटो या खुल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं ठेवलेली आहेत. संगणकाची भाषा मराठी निवडली की मराठी ल येतो, हिंदी निवडली की हिंदी. गुरुजींच्या मशिनवर भाषा मराठी केली तेव्हा त्यांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा आपला ल."

हो, त्यांना मी मशीन लावून दिलंय. लाल पेन्सिलीने किती दिवस तपासणार? नातवाचा जुना संगणक होता, चार जीबी रॅम, विंडोज १० उघडायला पाच-सहा मिनिटं. डिस्क काढून साधी एसएसडी घातली आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. त्यापुढे जे केलं ते रोजच्या कामाचं आहे, म्हणून सांगतो.

पडद्यावर चारच चिन्हं ठेवली. लेखन, फोटो, बातम्या, बंद करा. अक्षरांचा आकार मोठा केला. डबल क्लिक जमत नव्हतं, म्हणून एका क्लिकवर फाइल उघडेल असं केलं. गुरुजींचा हात थरथरतो, एक कळ दोनदा दाबली जाते. त्यासाठी सेटिंगमध्ये 'बाउन्स कीज' असतात. लागोपाठ दाबलेली तीच कळ मशीन सोडून देतं. इनस्क्रिप्ट त्यांना येत नाही, ते टाइपरायटर शिकलेले. म्हणून आयबसमधून मराठी रेमिंग्टन कळफलक दिला. कॅप्स लॉक कुणीच वापरत नाही, तर त्या कळीवर मराठी-इंग्रजी अदलाबदल ठेवली. संध्याकाळी पडदा आपोआप पिवळसर होतो. हे सगळं एका दुपारचं काम, आणि त्यात काळ्या पडद्यावर फार तर चार ओळी लिहिल्या.

डेस्कटॉप आपल्याला हवा तसा करणं याला लोक छंद समजतात. रंगीत वॉलपेपर, फिरणारी चिन्हं. तेही आहे, मजा आहे त्यात. पण एक गोष्ट सांगतो. २०११मध्ये ग्नोमवाल्यांनी डेस्कटॉपचं रूप पार बदललं. पुष्कळ लोक चिडले. दुसऱ्या कुठल्या कंपनीचं उत्पादन असतं तर शिव्या देऊन नवं रूप गिळावं लागलं असतं. इथे अर्जेंटिनातल्या एका साध्या वापरकर्त्याने जुना ग्नोम उचलला आणि 'माटे' या नावाने चालू ठेवला. माटे म्हणजे तिकडचं चहासारखं पेय. लिनक्स मिंटने 'सिनॅमन' काढलं. दोन्ही आजही चालू आहेत. आम्हाला हे नको, असं म्हणून माणसं नुसती थांबली नाहीत. त्यांनी हवं ते करून घेतलं.

हे सगळं शहरातलं, शिकलेल्यांचं वाटेल. तर आपल्याच जिल्ह्यातलं ऐका. २००७मध्ये रायगडमधल्या खैरात नावाच्या धनगरवाड्यावर, एकशिक्षकी शाळेत, 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर लिनक्स होतं आणि 'शुगर' नावाचा मुलांसाठी घडवलेला डेस्कटॉप. फोल्डर नाहीत, खिडक्या नाहीत. मधोमध मुलाचं चित्र आणि भोवती त्याचे उद्योग. कळफलकावर एक खास सोय होती. ती वापरली की चालू असलेल्या प्रोग्रॅमचा आतला मजकूर दिसायचा. धनगरवाड्यावरच्या पोराला घड्याळ उघडून बघायची परवानगी! केंद्र सरकारने २००६मध्येच या योजनेला नकार दिला होता, आणि देशभर ती कधी पसरली नाही. त्या योजनेवर टीकाही रास्त झाली, कारण लॅपटॉप वाटले म्हणजे शाळा सुधारते असं नसतं. पण ती आतलं बघू देणारी सोय मला विसरता येत नाही.

केरळने मात्र नेटाने केलं. शाळांसाठी स्वतःचं लिनक्स, मल्याळममध्ये, शिक्षकांना प्रशिक्षण देऊन. दहावीची संगणकाची परीक्षासुद्धा त्यावरच. तिथल्या मुलांचं काही अडलेलं दिसत नाही.

आता अडचणीही सांगतो, नाहीतर उद्या मलाच धराल. हिशेबाची काही सॉफ्टवेअर लिनक्सवर सरळ चालत नाहीत. डिजिटल सहीच्या डोंगलने एका दुकानदाराला आणि मला रडकुंडीला आणलं, शेवटी त्या कामापुरतं विंडोज वेगळं ठेवलं. एका जुन्या प्रिंटरने माझे दोन रविवार खाल्ले. ज्याचं आख्खं काम अशाच एखाद्या सॉफ्टवेअरवर आहे, त्याला मी स्वतःच सांगतो, तुम्ही बदलू नका. पण हमरापूरच्या एका कारखानदाराचं काम काय? ऑर्डरची यादी, मराठी बिल, मूर्तींचे फोटो व्हॉट्सअपवर पाठवणं. त्यांचा अकरा वर्षांचा संगणक गेला सगळा सीझन लिनक्सवर विनातक्रार चालला.

मग आपण गावात काय करायचं? तीनच गोष्टी.

एक. जुना संगणक भंगारात देण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. काही न पुसता, काही न टाकता बघता येतं. आवडलं तर ठेवा. शिकायला आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे आहेत, मराठीतही, आणि मोफत.

दोन. शाळा, वाचनालय, ग्रामपंचायत यांच्या कारभाऱ्यांना विनंती. केंद्र सरकारचं २०१५चं धोरणच सांगतं की सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरचा आधी विचार करा. नवी खरेदी करताना निदान विचारा तरी, की हे मराठीत चालतं का, आणि दहा वर्षांनी आमची फाइल उघडेल का.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कपाटातल्या सीड्या, जुन्या डिस्क बाहेर काढा. मंडळाच्या स्मरणिका, शाळेचे अहवाल, कुणाच्या आजोबांच्या आठवणी, जुन्या फॉन्टात अडकून पडल्यात. सीडी बुरशीने जातेय, आपल्या पावसात तर लवकरच. त्या आताच युनिकोडमध्ये आणल्या नाहीत, तर पेण-रोह्याच्या पंचवीस वर्षांचं लिखाण कुणालाच वाचता येणार नाही. ज्यांनी ते टाइप केलं ते माझ्यासारखे लोक अजून आहेत, जुनी पानं अजून आहेत, तोवरच हे होईल. माझा तक्ता तयार आहे. कुणीही मागा, पैसे नकोत. त्यात चूक सापडली तर दुरुस्त करा आणि पुढच्याला द्या. अट एवढीच.

गुरुजींचं पुस्तक आता शेवटच्या तपासणीत आहे. परवा गेलो तेव्हा ते स्वतःच टाइप करत होते. एका बोटाने, पण स्वतः. मला म्हणाले, "हे मी आता लिहिलेलं, माझ्या पणतीला उघडेल ना रे?"

मी म्हटलं, "उघडेल, गुरुजी."

"आणि दऱ्या?"

"दऱ्याच राहतील."

तुमच्याकडे अशी जुनी मराठी फाइल किंवा पडून राहिलेलं मशीन असेल तर कॉमेंटमध्ये लिहा. दुकानात आलात तरी चालेल. रविवारी मी रोह्यातच असतो.